डेंट या शब्दाचा उगम

"कुंदा, बाहेर ये. येताना माझा चष्मा आण."

आप्पांचा हा आवाज मी चांगला ओळखत होते. बत्तीस वर्षं इस्लामपुरात त्यांनी पोरांना इंग्रजी शिकवलं, आणि मागच्या बाकावर कुणी चुळबुळ केली की याच आवाजात ते म्हणायचे, "उभा राहा." मी चष्मा घेऊन अंगणात गेले. दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळचे आठ वाजलेले. आमच्या पांढऱ्या फियाटवरची सुकलेली झेंडूची माळ काढायला म्हणून आप्पा बाहेर आले होते. माळ त्यांच्या हातात होती. पुढच्या डाव्या मडगार्डवर, माळ होती त्या जागी, आमटीची वाटी बसेल एवढा खड्डा होता.

"हे काय आहे?" आप्पांनी विचारलं.

"पोचा."

"इंग्रजीत?"

"डेंट."

"बरोबर. आता मला सांग, हा डेंट इथं आला कुठून?"

पोचा कुणाच्याही गाडीला येतो. पण त्या पोच्यावर माझं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं, आणि आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं.

झालं होतं असं. रिटायर झाल्यावर आप्पांनी हौसेनं जुनी फियाट घेतली, लायसनही काढलं. पण गाडी सुरू झाली की त्यांना घाम फुटायचा. दुसरा गिअर त्यांनी आयुष्यात टाकला नाही. एकदा आम्ही पेठनाक्यापर्यंत पहिल्या गिअरमध्ये गेलो, तेव्हा एका बैलगाडीवाल्यानं आम्हाला मागे टाकलं आणि वर विचारलं, "सर, दोर लावू का?" त्यानंतर गाडी मी चालवायला लागले. मला ते आपोआपच आलं, जसं काहींना पोहणं येतं. तेवीस वर्षांची होते मी, बीए होऊन घरी बसलेली. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली इस्लामपुरात मुलगी गाडी चालवते म्हटल्यावर लोक दुकानाच्या पायऱ्या उतरून बघायचे.

सांगलीला आरवाडेबाई म्हणून एक बाई मोटार शिकवण्याचा क्लास चालवायच्या. बायकांना शिकवायला त्यांना बाईच हवी होती. त्यांनी मला गाडी चालवताना पाहिलं आणि थेट घरी येऊन विचारलं. मी एका पायावर तयार होते. आप्पांनी तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी अट घातली. "आजपासून दसऱ्यापर्यंत चाळीस दिवस तू मला रोज गाडीतून फिरवायचं. गाडीला एक ओरखडा जरी पडला, तर बीएड करायचं आणि शाळेत लागायचं. नाही पडला, तर सांगलीला जा."

चाळीस दिवस मी ती गाडी तळहातावरच्या फोडासारखी जपली. भाजीबाजार, गणपतीच्या मिरवणुका, उसाच्या ट्रॉल्या, सगळ्यांतून सहीसलामत काढली. दसऱ्याला चाळिसावा दिवस भरला. आज दुपारी चार वाजता आरवाडेबाई उत्तर घ्यायला येणार होत्या, आणि आज सकाळी आठ वाजता हा पोचा.

"मी नाही पाडला," मी म्हणाले.

"मी तुझं नाव घेतलं का?" आप्पा म्हणाले. "आपण पद्धतशीर जाऊ."

पद्धतशीर म्हणजे फळा. आमच्या ओट्यावर, 'ग. बा. हावळ' या आपल्या नावाच्या पाटीखाली, आप्पांनी एक फळा टांगला होता. रोज सकाळी ते त्यावर एक इंग्रजी शब्द लिहायचे. पहिल्या ओळीत शब्द, दुसरीत अर्थ, तिसरीत उगम. शाळा सुटली तरी खडू सुटला नव्हता. गिरणीत दळण घेऊन जाणाऱ्या बायकासुद्धा डबा कमरेवर ठेवून तो शब्द वाचायच्या आणि मगच पुढं जायच्या. त्या दिवशी आप्पांनी कालचा शब्द पुसला आणि लिहिलं:

शब्द: डेंट. अर्थ: पोचा.

उगमासमोरची जागा त्यांनी मोकळी सोडली. एवढ्यात शेजारच्या शकुंतलाकाकू परडीत फुलं घेऊन कुंपणाशी आल्याच. आमच्या घरात काही बिघडलं की काकूंची फुलं तोडायची वेळ होते.

"सर, डेंट म्हंजे दातावरनं आलंय न्हवं?" काकूंनी विचारलं. "दाताच्या डाक्टरला डेंटिस्टच म्हणत्यात की."

"सगळ्यांना तसंच वाटतं," आप्पा खूश होऊन म्हणाले. त्या सकाळी ते तेवढे एकदाच खूश दिसले. "दाताचा आणि याचा मूळचा काही संबंध नाही. हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. लढाईत तलवारीचा किंवा गदेचा जो तडाखा बसायचा, त्याला ते लोक हा शब्द वापरायचे. म्हणजे मुळात डेंट म्हणजे पोचा नव्हेच. डेंट म्हणजे ठोका! शेकडो वर्षांनी लोक ठोका विसरले आणि त्याच्या खुणेलाच डेंट म्हणायला लागले. खूण राहिली, मारणारा विसरला."

"आगं बया," काकू म्हणाल्या.

"म्हणून आपण खुणेकडं बघायचं नाही. ठोका शोधायचा."

"मग सांगू का?" काकूंनी परडी खाली ठेवली. "काल सांजच्याला तुमी सोनं द्यायला गेलासा, तवा अंबाबाईच्या देवळापशी म्हस आडवी आली हुती. माझ्या डोळ्यानं बघितलं. कुंदानं करकचून ब्रेक लावला."

"ब्रेक लावला म्हणजे म्हैस लागली नाही ना, काकू!" मी म्हणाले.

"शिंग लागलं आसंल. म्हशीला काय कळतंय दसरा हाय त्ये?"

आप्पा आत गेले आणि कपडे बेतायची टेप घेऊन आले. आमचं मूळ घराणं शिंप्याचं, घरात शिवणयंत्र नसलं तरी टेप असतेच. त्यांनी उकिडवं बसून जमिनीपासून पोच्याची उंची मोजली. सव्वीस इंच. मग उभं राहून छातीपर्यंत टेप धरली आणि विचार करून म्हणाले, "म्हशीचं शिंग साडेचार फुटांवर असतं. तिनं गुडघे टेकून नमस्कार केला असेल तरच हे शक्य आहे. म्हैस निर्दोष."

"मग सायकल," काकू म्हणाल्या.

"सायकलचं हँडल ओरखडा काढेल. रंग कुठंही खरवडलेला नाही. सायकल निर्दोष."

असं अर्धा तास चाललं. काकू एकेक आरोपी आणायच्या आणि आप्पा त्याला सोडून द्यायचे. दगड सुटला, फटाका सुटला, पांजरपोळातली गाय सुटली. शेवटी उरले ती मी. पण मला दोषी ठरवायचं म्हटलं की आप्पांचा खडू अडायचा. ते फळ्यापर्यंत जायचे, उगमासमोर खडू टेकवायचे आणि पुन्हा मागं यायचे.

"कबूल करून टाक," शेवटी ते म्हणाले, पण माझ्याकडं न बघता. "बीएड काही वाईट नाही."

हे ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. राग आला की मला उभं राहवत नाही. मी चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"दस्तगीर मिस्त्रीला आणायला. तुमचा शब्द तुम्ही बघितलात. आता डेंटरला बघू दे."

"कशाला उगीच त्याला? सणासुदीचं," आप्पा घाईघाईनं म्हणाले. पण मी फाटकाबाहेर पडले होते.

दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज एसटी स्टँडच्या मागं. नेहमी तो एखाद्या जीपखाली पाय बाहेर काढून पडलेला असायचा. त्या दिवशी मात्र दारात जत्रा होती. एक टेम्पो, दोन जीपा, एक ॲम्बॅसडर आणि सोसायटीच्या चेअरमनचा नवा ट्रॅक्टर, कपाळाला कुंकू आणि गळ्यात माळा घालून रांगेत उभे. दस्तगीर लाकडी हातोडी घेऊन या गाडीवरून त्या गाडीवर जात होता.

"आज एवढी गर्दी?" मी विचारलं.

"पीक आलंय ताई," तो हसत म्हणाला. "लोकांचं सुगीला येतं, आमचं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. बोला, सरांच्या गाडीला काय झालं?"

मी सांगितलं. सरांच्या गाडीचं काम म्हटल्यावर त्यानं हातोडी ठेवली, सदरा घातला आणि टोपी झटकून डोक्यावर ठेवली. दस्तगीर आप्पांचा विद्यार्थी. इंग्रजीत तीनदा नापास होऊन त्यानं शाळा सोडली होती. अजूनही आप्पा रस्त्यानं आले की तो सिगारेट मुठीत लपवायचा, आणि मूठ दोन-तीनदा भाजली होती.

अंगणात येऊन त्यानं आप्पांना वाकून नमस्कार केला आणि गाडीपाशी बसला. पोच्यावरून तळवा फिरवला. बोटांच्या पेरांनी आतून दाबून बघितलं. मग खालच्या कडेला काहीतरी चिकटलं होतं ते नखानं खरवडलं, बोट नाकाशी नेलं, आणि त्याचा चेहरा परीक्षेत असायचा तसा झाला.

"काय निदान?" आप्पांनी विचारलं.

"सर, गाडी उभी हुती," दस्तगीर जमिनीकडं बघत म्हणाला. "चालत्या गाडीला पोचा आला तर त्यो लांबडा येतो, वढल्यासारखा. ह्यो गोल हाय. गाडी कशावर जाऊन आपटली न्हाई. गाडीवर काय तरी येऊन आपटलंय."

"म्हणजे कुंदा चालवत असताना नाही?" आईनं विचारलं. ती केव्हा दारात येऊन उभी राहिली ते कुणालाच कळलं नव्हतं. आप्पांच्या चौकशीत आई कधी बोलत नसे.

"न्हाई वैनी. ताईंचा काय संबंध न्हाई."

मला उडी मारावीशी वाटली. पण आप्पा तसेच उभे होते, टेप गळ्यात घालून.

"मग ठोका कुणी दिला?" आप्पांनी विचारलं.

दस्तगीरनं टोपी काढली. "सर, तुमी मला तीनदा नापास केलंय. चौथ्यांदा कशाला उभं करताय?"

असं म्हणून तो निघालाच. मी त्याच्या मागं फाटकापर्यंत गेले आणि त्याची वाट अडवली.

"मिस्त्री, तुम्हाला कळलंय. सांगा मला."

त्यानं मागं वळून आप्पांकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "ताई, गॅरेजात पाच गाड्या बघितल्यासा न्हवं? पाचीला ह्योच पोचा. ह्याच मापाचा. दर दसऱ्याला येतो. मला फकस्त एवढं सांगा, काल नारळ फरशीवर वाढवला का बंपरवर?"

माझ्या डोळ्यांसमोर काल सकाळची पूजा आली. आईनं आठवड्यापूर्वीच अंगणात शहाबादी फरशी घालून घेतली होती. "माझ्या नव्या फरशीवर नारळ फोडायचा नाही," असं तिनं बजावलं होतं. मी तेव्हा आत साडीच्या निऱ्या करत होते. बाहेरून मला दोन आवाज ऐकू आले होते. पहिला बद्द, दुसरा खळ्ळ. आप्पा शरीरानं काडी, पण श्रद्धेनं जोर येतो. पहिला फटका बंपरवरून सटकला असणार आणि मडगार्डवर बसला असणार.

म्हणजे आप्पांनीच. आणि बिचाऱ्यांना त्याचा पत्ताच नाही! देवाचं नाव घेताना ते डोळे गच्च मिटतात. मला एकदम हसू फुटलं. आईला सांगावं म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले.

आई भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही.

"त्यांना माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"माळ आधी बंपरला बांधली होती. पहिला फटका बसल्यावर त्यांनी डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं. मी आरतीच्या ताटात बघतेय असं त्यांना वाटलं. मग दुसऱ्या फटक्याला नारळ फोडला आणि माळ सोडून मडगार्डवर आणली. नीट चापूनचोपून बसवली."

"आणि तू मला हे आता सांगतेस?"

"लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, कुंदा. एवढ्या वर्षांत ते खोटं वागल्याचं मी पहिल्यांदा बघितलं. काय बोलावं तेच सुचेना." तिनं भाकरी उलटली. "वाटलं होतं, स्वतःच सांगतील. सकाळपासून वाट बघतेय."

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. ज्या माणसानं परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावलं म्हणून सख्ख्या पुतण्याला वर्गाबाहेर काढलं, त्या माणसानं स्वतः पाडलेला पोचा माझ्या नावावर घातला होता. म्हशीच्या शिंगाची उंची मोजत होते! मला एवढं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि एवढा रागही कधी आला नव्हता.

दुपारी आप्पा जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. मीही जेवले नाही, पण मी तसं स्पष्ट सांगितलं की मला तुमच्या पंगतीला बसायचं नाही. मग खोलीत जाऊन आरशासमोर भाषण तयार केलं. चार वाजता आरवाडेबाईंसमोर, शकुंतलाकाकूंसमोर, जमेल तेवढ्या गल्लीसमोर मी विचारणार होते, "आप्पा, नारळाला इंग्रजीत काय म्हणतात?" पुढची वाक्यंही एकाहून एक धारदार होती. ती म्हणून म्हणून मी पाठ केली.

बरोबर चार वाजता बाहेर गाडीचा आवाज आला. मी पदर खोचला आणि बाहेर धावले.

आरवाडेबाई फाटकातून आत आल्या होत्या. उंचीला आप्पांहून वीतभर जास्त, सुती पातळ आणि पायात पुरुषी बूट. पण त्या पुढं येत नव्हत्या. ओट्यासमोर उभ्या राहून फळा वाचत होत्या. शकुंतलाकाकूही वाचत होत्या. आप्पा फळ्याशेजारी उभे होते. हाताला खडू होता, सदऱ्यालाही होता.

बाईंनी मोठ्यानं वाचलं, "शब्द: डेंट. अर्थ: पोचा. उगम: ग. बा. हावळ. विजयादशमी, सकाळी सव्वानऊ. साधन: नारळ."

माझं पहिलं वाक्य जिभेवरच राहिलं.

"हा उगम मी कुठल्या डिक्शनरीत बघितला नव्हता सर," आरवाडेबाई म्हणाल्या.

"सुधारून वाढवलेली आवृत्ती आहे," आप्पा म्हणाले. "बाई, माझ्या मुलीनं चाळीस दिवसांत या गाडीला एक ओरखडा पाडला नाही. आणि रोज मागच्या सीटवर बसून मी देवाला म्हणत होतो, एक पडू दे. एकच पडू दे, लहानसा. काल नारळ सटकला तेव्हा मला वाटलं, देवानं ऐकलं."

शकुंतलाकाकू फळा पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या.

"तुमची ना होती, तर तसं सांगायचं होतं की हो," बाई म्हणाल्या.

"ना कशावर म्हणणार? ती उत्तम चालवते. मला दिसत होतं ना रोज, किती उत्तम चालवते ते." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. सदऱ्यावरचा खडू काचेला लागला आणि त्यांना काही दिसेनासं झालं. तसेच ते अंदाजानं माझ्या दिशेनं वळले. "ही गेली की घर फार मोठं होईल, एवढंच. माझी चूक झाली, कुंदा. फार हलकट चूक झाली."

मी पाठ केलेलं सगळं भाषण विसरले. त्यांच्या हातातून चष्मा घेतला आणि पदरानं पुसून दिला. मला रडू येत होतं आणि त्या फळ्यावरचं "साधन: नारळ" वाचून हसूही येत होतं.

"केव्हा येऊ?" मी आरवाडेबाईंना विचारलं.

"सोमवारी," त्या म्हणाल्या. आईनं आतून विचारलं, चहा सगळ्यांना टाकू का, आणि आप्पा म्हणाले की त्यांना आधी भाकरी हवी आहे, पोट बरं झालंय.

सांगलीत मावशीकडं राहायचं, शनिवारी घरी यायचं, असं ठरलं. मी एसटीनं जाते म्हणाले, पण आप्पांनी ऐकलं नाही. "गाडी इथं ठेवून मी काय तिची पुन्हा पूजा करू?" असं म्हणाले. सोमवारी सकाळी ट्रंक डिकीत गेली. वर आईचे डबे गेले. पोचा तसाच होता. दस्तगीरकडं रांग अजून संपली नव्हती.

आमचं फाटक अरुंद, गाडी मागं घेत काढावी लागायची. रोज मी एकटीच काढायची. त्या दिवशी आप्पा मागं जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी दिशा द्यायला लागले. "येऊ दे, येऊ दे. डावीकडं. म्हणजे माझ्या डावीकडं. येऊ दे." आरशात मला ते धड दिसत नव्हते, कारण माझे डोळे भरून आले होते. त्यांनाही मी धड दिसत नसणार. शेवटचं "येऊ दे" झालं आणि गाडीचा मागचा कोपरा फाटकाच्या खांबावर दाणकन बसला. गिलावा पडल्याचा आवाज झाला. काकूंच्या परसातून कुणीतरी "आगं बया" म्हणालं.

मी ब्रेक दाबला आणि दार उघडलं.

"उतरू नकोस!" आप्पा ओरडले. "काही लागलं नाही!"

"आप्पा, आवाज आला."

"आवाज दुसरीकडचा होता. काकूंचं भांडं पडलं. तू नीघ, उशीर होतोय."

"बघू तरी द्या."

"मी बघतोय ना इथं? एक ओरखडा नाही. जा तू."

मी दार लावलं, गाडी जरा पुढं घेऊन सरळ केली आणि रस्त्यावर काढली. वळणावर आरशात पाहिलं. आप्पा खांबाला पाठ लावून ताठ उभे होते. उजव्या हातानं ते मला जा, जा म्हणत होते, आणि डाव्या पायानं गिलाव्याचे तुकडे मागं सारत होते.